भाच्याचा ईसीजी

मी सोलापुरात एका हृदयरोगाच्या दवाखान्यात ईसीजी काढते. हल्ली टेबलावर झोपलेल्या माणसाच्या छातीला बल्ब लावताना एक प्रश्न हमखास येतो. 'मॅडम, हे लसीमुळं असंल का हो?' विचारणारा कधी मोहोळकडचा शेतकरी असतो, कधी एमआयडीसीतला कामगार, कधी जुळे सोलापुरातली बँकेत नोकरी करणारी बाई. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र पंचवीस-तिशीतली, रोज जिमला जाणारी पोरंच जास्त विचारतात. पट्टी निघेपर्यंतच्या दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, आणि हसून टाळणं मला जमत नाही, कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

माझ्या भाच्याला कोविडच्या लसीनंतर मायोकार्डायटिस झाला होता, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. एमआरआय करून, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं निदान आहे हे. त्याला विचारूनच लिहितेय. नाव घालू नको म्हणाला, म्हणून घालत नाही.

भाचा म्हणजे माझ्या अक्काचा थोरला. भाऊजींचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. पोरानं मेकॅनिकल केलं आणि एमएससाठी जर्मनीत प्रवेश मिळवला. 2021 च्या उन्हाळ्यात जी लस मिळेल ती घ्यायची अशी परिस्थिती होती. त्याला कोव्हॅक्सिन मिळाली. जूनमध्ये पहिला डोस, जुलैत दुसरा. सर्टिफिकेटच्या चार रंगीत प्रती काढून, लॅमिनेट करून तो गेला.

तिथं गेल्यावर कळलं की त्या सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही. युरोपात मान्य असलेल्या लसींच्या यादीत तेव्हा कोव्हॅक्सिन नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं ती आपल्या यादीत घेतली 3 नोव्हेंबर 2021 ला, आणि जर्मनीनं बाहेरून येणाऱ्यांसाठी मान्य केली ती 1 जून 2022 पासून. म्हणजे दोन डोस घेतलेला आमचा पोरगा तिथल्या हिशोबानं बिनलसीचा. वर्गात बसायचं तर लस झालेली पाहिजे, नाहीतर कोविड होऊन गेल्याचा पुरावा, नाहीतर ताजी टेस्ट. 11 ऑक्टोबरपासून फुकटच्या टेस्टही बंद झाल्या. मग त्यानं तिथं मिळणारी एमआरएनए लस घेतली, म्हणजे विषाणू न टोचता त्याचं एक प्रथिन बनवायची कृती शरीराला देणारी लस. ऑक्टोबरात पहिला डोस आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर दुसरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची इथं गरजही नाही.

पाडव्याच्या रात्री फोन आला. आपल्याकडे दोन वाजून गेले होते.

"मावशी, आईला उठवू नको. छातीत दुखालंय."

दुसऱ्या डोसनंतर एक दिवस ताप आला, अंग दुखलं, मग बरं वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून छातीत मधोमध कळ. मी विचारलं, कधी वाढतं, कधी कमी होतं? म्हणाला, "आडवं झालं की वाढतंय. पुढं वाकून बसलं की बरं वाटतंय."

हे ऐकून मी अंथरुणातून उठून बसले. ॲसिडिटीची, स्नायू आखडल्याची, घाबरून छाती दुखते त्याची दुखणी मी रोज ऐकते. आडवं झाल्यावर वाढणारं आणि पुढं वाकल्यावर कमी होणारं दुखणं हृदयाच्या आवरणाला सूज आली की येतं, हे आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींनाही शिकवतात. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. तो म्हणाला, "निघालोच आहे. लस देताना कागद दिलता, त्यात लिहिलंय छातीत दुखलं तर लगेच डॉक्टरकडे जा म्हणून." त्या कागदाबद्दल मला पुढं बरंच बोलायचं आहे.

तासाभरानं त्यानं इमर्जन्सीमधून पट्टीचा फोटो पाठवला. गुलाबी चौकटींचा तोच कागद, पंचवीस मिलिमीटर प्रतिसेकंद, कोपऱ्यात जर्मन अक्षरं. मी डॉक्टर नाही. पण एवढ्या वर्षांत हजारो पट्ट्या हाताखालून गेल्यात, आणि सरळ-वाकडं तर कळतंच. पट्टीवरच्या प्रत्येक लीडमध्ये हृदय वेगळ्या बाजूनं दिसतं, आणि एसटी म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेषेचा तुकडा. हार्ट अटॅकच्या पट्टीत एसटी ठराविक लीडमध्ये उचलला जातो, जी रक्तवाहिनी बंद पडली तिच्या भागात, आणि समोरच्या लीडमध्ये तो खाली गेलेला दिसतो. भाच्याच्या पट्टीत तो जवळजवळ सगळीकडे उचललेला होता. लीड वन, टू, एव्हीएफ, पुढं व्ही टूपासून थेट व्ही सिक्सपर्यंत. उचललेला भाग फुगीर नव्हता, सायकलच्या सीटसारखा मधे खोलगट होता. त्याच्या आधीचा पीआरचा तुकडा किंचित खाली घसरलेला. फक्त एव्हीआरमध्ये सगळं उलटं. मी फोटो मोठा करून प्रत्येक लीड दोन-दोनदा बघितली. रोज दुसऱ्यांच्या पोरांच्या पट्ट्या बघतो तेव्हा हात थरथरत नाही.

पहाटे पाचला आमच्या सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "मायोपेरिकार्डायटिस वाटतोय. ट्रोपोनिन किती आलंय विचारा. आणि त्याला सांगा, डॉक्टर म्हणतील तोपर्यंत तिथनं हलायचं नाही, जिने चढायचे नाहीत." मायो म्हणजे स्नायू, पेरि म्हणजे त्यावरचं आवरण. दोन्हींना सूज. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडतं. भाच्याचं प्रमाणाच्या कितीतरी पट आलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली, रक्तवाहिन्या स्वच्छ. टू-डी इको केला, पंपिंग थोडंसं कमी. मग इजा झालेला भाग उठून दिसावा म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन हृदयाचा एमआरआय. त्यात डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला चट्टे दिसले. हा फरक मला सरांनी नंतर कागदावर काढून दाखवला. अटॅकमध्ये इजा आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेर येते, मायोकार्डायटिसमध्ये बहुतेक वेळा बाहेरच्या थरात असते. म्हणून एमआरआय बघितल्यावर शंका उरली नाही. उपचार म्हणाल तर सूज आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या, चोवीस तास मॉनिटर आणि विश्रांती. मॉनिटर कशासाठी, तर सुजलेल्या स्नायूतून ठोक्यांची गडबड होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. थोड्या दिवसांनी घरी सोडलं, आणि बजावून सांगितलं की निदान तीन ते सहा महिने धावणं नाही, जिम नाही, वजन उचलणं नाही.

अक्काला मी भाऊबीजेच्या सकाळी सांगितलं. ती रडली नाही. "तिथं त्याला गरम भाकरी कोण करून देणार" एवढंच म्हणत राहिली. भाऊजी व्हिसासाठी कुणाकुणाला फोन करत बसले. ते काही होणार नव्हतं, पण माणसाला हातपाय हलवल्याशिवाय राहवत नाही.

मग नातेवाईक. निम्मे म्हणाले, लस घ्यायलाच नको होती. त्यांचं मी ऐकून घेतलं. मला जास्त लागलं ते दुसऱ्या निम्म्यांचं. 'हे बाहेर बोलू नका, लोक लस घ्यायचे थांबतील.' हे सांगणारे शिकलेले होते, चांगल्या हेतूनं सांगत होते, काही तर आमच्याच क्षेत्रातले होते. पण आजारी पोराच्या आईला 'तुझं दुखणं लपव' म्हणायचं हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. लपवल्यामुळे काय होतं ते मी रोज टेबलापाशी बघते. खरी माहिती कुणी दिली नाही, तर तिथं व्हॉट्सअ‍ॅपवरची खोटी येऊन बसते.

तर आता खरी माहिती, जेवढी मला नीट समजली आहे तेवढी.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लक्षात आलं इस्रायलमध्ये, कारण तिथं सगळ्यांत आधी भराभर लसीकरण झालं. 1 जून 2021 ला तिथल्या आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की डिसेंबर ते मे या काळात मायोकार्डायटिसच्या 275 केसेस नोंदल्या गेल्या. लस घेतलेले लोक होते 50 लाखांहून जास्त. त्यातही दुसऱ्या डोसनंतरच्या केसेस जास्त, आणि त्यात तरुण मुलगे जास्त. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेनं फायझर आणि मॉडर्ना या दोन्ही एमआरएनए लसींच्या माहितीपत्रकात इशारा घातला, जुलैत युरोपनं. ऑक्टोबरात स्वीडन, फिनलंड या देशांनी तरुणांना मॉडर्ना देणं थांबवलं, नोव्हेंबरात जर्मनीच्या लसीकरण समितीनं तिशीच्या आतल्यांना फायझर-बायोएनटेकचीच द्या असं सांगितलं, कारण मॉडर्नामध्ये प्रमाण अधिक दिसत होतं. म्हणजे ज्यांनी नीट मोजलं त्यांना दिसलं, आणि दिसल्यावर त्यांनी नियम बदलले. मला यात लस बदनाम झाली असं वाटत नाही. यंत्रणा जागी होती असं वाटतं.

अमेरिकेतली मोठी आकडेवारी जानेवारी 2022 मध्ये छापून आली. फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर 16-17 वर्षांच्या मुलग्यांमध्ये दर 10 लाख डोसमागे सुमारे 106 केसेस, 18 ते 24 च्या मुलग्यांमध्ये सुमारे 52. मुलींमध्ये आणि मोठ्या वयात फारच कमी. सरासरी दोन दिवसांत त्रास सुरू. भाचा तेव्हा 23 वर्षांचा. म्हणजे साधारण एकोणीस हजारांतला एक. अक्काला मी हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "माझा तर एकच आहे." त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आकडा खरा आहे आणि तिचं म्हणणंही खरं आहे.

हे का होतं, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. बॉस्टनच्या डॉक्टरांनी 2023 मध्ये असं दाखवलं की लसीनंतर मायोकार्डायटिस झालेल्या किशोरवयीन मुलांच्या रक्तात स्पाइक प्रथिन, म्हणजे लस शरीराला जे बनवायला लावते तेच विषाणूवरचं प्रथिन, मोकळं फिरताना सापडलं, लस घेऊन ठणठणीत राहिलेल्यांच्या रक्तात ते तसं सापडलं नाही. दुसऱ्या अभ्यासांत शरीराच्या प्रतिकारशक्तीनं गरजेपेक्षा जास्त जोर लावल्याच्या खुणा दिसल्या. मुलग्यांनाच का, तर हार्मोन्सचा संबंध असावा असा अंदाज आहे. एक गोष्ट मात्र व्यवहारात उपयोगी ठरली. दोन डोसमधलं अंतर वाढवलं की प्रमाण कमी होतं, हे कॅनडातल्या ओंटारिओमध्ये दिसलं. मग फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेनंही तरुण मुलग्यांसाठी आठ आठवड्यांचं अंतर चालेल असं सांगितलं.

आणि कोविड? कोविडनंही मायोकार्डायटिस होतो, आणि एकूण लोकसंख्येत बघितलं तर लसीपेक्षा जास्त होतो. हे मला कुणी वाचून दाखवायची गरज नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, सोलापूरच्या त्या उन्हात पीपीई किट घालून मी वॉर्डावॉर्डातून मशीन ढकलत नेलंय. चाळिशीच्या माणसांची ट्रोपोनिन वर चढलेली, ठोके बिघडलेले, आणि बाहेर बायको उभी. लस नसती तर आणखी किती गेले असते याचा विचार मला आजही करवत नाही. पण अर्धं खरं सांगायचं नाही असं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासात चाळिशीच्या आतल्या पुरुषांमध्ये, मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर, लसीमुळे झालेल्या जास्तीच्या केसेस दर 10 लाखांमागे 97 निघाल्या, आणि कोविड झाल्यामुळे 16. म्हणजे त्या एका गटात, त्या एका डोसला, पारडं उलटं होतं. हे मान्य केल्यानं बाकीचं सगळं खोटं ठरत नाही.

माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लसीचे वण आहेत, तुमच्याही आईच्या असतील. त्या लसीनंतरही हृदयाला सूज येऊ शकते, हे डॉक्टरांना जुन्या काळापासून माहीत होतं. अमेरिकेनं डिसेंबर 2002 पासून आपल्या सैनिकांना ती पुन्हा टोचली, तेव्हा पहिल्यांदाच ती घेणाऱ्या 2,30,734 जणांत 18 जणांना मायोपेरिकार्डायटिस झाल्याचं 2003 मध्ये छापून आलं. ज्या लसीनं देवी हा रोगच पृथ्वीवरून संपवला, तिचीही ही बाजू होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या वेळी देवीनं पोरं आंधळी व्हायची, मरायची. तिनं गल्लीत बघितलेली आहेत.

आता तो कागद. जर्मनीत लस द्यायच्या आधी एक माहितीपत्रक हातात देतात, वाचून सही करायला लावतात. त्यात साध्या भाषेत लिहिलं होतं की क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आल्याच्या केसेस आहेत, मुख्यतः तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर, पहिल्या काही दिवसांत. छातीत दुखलं, दम लागला, धडधडलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. भाच्यानं ते वाचलं. वाचून तो पळून गेला नाही, त्यानं दंड पुढं केला. आणि तिसऱ्या दिवशी दुखायला लागल्यावर ॲसिडिटी म्हणून अंगावर काढलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जिमला गेला नाही. सरांचं म्हणणं असं की सुजलेल्या हृदयानं त्या सकाळी ट्रेडमिलवर पळाला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. पुढं त्याच्या डॉक्टरांनी ही केस तिथल्या पाउल एरलिश संस्थेकडे कळवली, तिथं लसींचे दुष्परिणाम नोंदवतात. कुणी त्याला 'हे बोलू नकोस' म्हटलं नाही.

आपल्याकडे केंद्रावर काय सांगायचे? ताप येईल, पॅरासिटामॉल घ्या, अर्धा तास बसा. केंद्रावरच्या सिस्टर दिवसभर उभं राहून शेकडो लोकांना टोचत होत्या, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हातात एक कागद, मराठीत, पाच ओळींचा, एवढं करता आलं असतं आणि पुढच्या वेळी करता येईल. दुर्मीळ गोष्ट सांगितली की लोक घाबरतात, हे खरंय. पण ज्याला आधी सांगितलंय तो घाबरून दवाखान्यात जातो, आणि ज्याला सांगितलंच नाही तो तीन वर्षांनी घाबरून माझ्या टेबलावर येतो. नोंद आपल्याकडेही करता येते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कुठल्याही औषधाचा किंवा लसीचा त्रास झाला तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर रुग्ण स्वतः सांगू शकतो.

सोलापुरातल्या पोरांना मला जे सांगायचं असतं ते हे. तुम्ही घेतलेली लस जवळजवळ नक्की कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन आहे. भाच्याला त्रास झाला ती त्या जातीची लस नव्हती. फायझर आणि मॉडर्ना आपल्या लसीकरण मोहिमेत कधी आल्याच नाहीत. पुण्यात तयार झालेली जेमकोव्हॅक एमआरएनए होती, तिला 2022 मध्ये परवानगी मिळाली, पण तोवर बहुतेकांचे डोस होऊन गेले होते. कोविशील्डबद्दल 2024 च्या एप्रिल-मे मध्ये ज्या बातम्या आल्या त्या वेगळ्या, रक्तात गुठळी होऊन प्लेटलेट कमी होण्याच्या. तेही अतिशय दुर्मीळ आणि डोसनंतरच्या काही आठवड्यांतलं. त्या बातम्यांनंतर आमच्याकडे अक्षरशः रांग लागली होती. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसची गुठळी आज शोधायला.

लसीनंतरचा मायोकार्डायटिस काही दिवसांत होतो. 2021 ला डोस घेतला आणि 2025 ला छातीत दुखलं, तर कारण दुसरं आहे आणि ते शोधायला हवं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेनं 18 ते 45 वयातल्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या आणि अचानक दगावलेल्या लोकांचा अभ्यास केला. 47 रुग्णालयं, 729 मृत्यू, आणि तुलनेला 2,916 लोक. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत उलट कमी दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? घरात आधी असा अचानक मृत्यू झालेला असणं, कोविडनं दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलेली असणं, मृत्यूच्या आधीच्या 48 तासांत भरपूर दारू, आणि त्याच 48 तासांत अंगाला झेपणार नाही असा व्यायाम. मी हे पोरांना सांगते तेव्हा काही जण खाली बघतात. रात्री पार्टी, सकाळी जिम, तोंडात मावा. मी ओरडत नाही, ओरडून कुणी मावा सोडत नाही. फक्त विचारते, वडिलांना कधी अटॅक आला होता? आणि किती वेळा उत्तर येतं, 'हो, चाळिसाव्या वर्षी.' हे त्यांनी कधी डॉक्टरांना सांगितलेलं नसतं.

अक्काच्या घरात पुढं काय झालं तेही सांगते. भाच्याची बहीण तेव्हा सोळाची. 3 जानेवारी 2022 पासून 15 ते 18 च्या मुलांना कोव्हॅक्सिन सुरू झाली. तिकडे भावाला जिने चढायची नुकती परवानगी मिळालेली, आणि इकडे कॉलेजमधून निरोप. भाऊजी सरळ नाही म्हणाले. अक्का मात्र माझ्याबरोबर सरांकडे आली, वही घेऊन. प्रश्न लिहून आणले होते. ही लस कशी बनवतात, भावाला झालं म्हणून बहिणीला होतं का, नाही दिली तर काय. सरांनी सांगितलं, कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो, एमआरएनए नसतो, आणि मुलीचं वय-लिंग बघता चिंता करायचं कारण नाही. अक्कानं सगळं लिहून घेतलं. दोन दिवस घेतले. मग स्वतः लेकीला घेऊन गेली. नंतरचा आठवडाभर ती पोरीला उठता-बसता विचारायची, 'छातीत काय होतंय का गं?' पोरगी वैतागली, पण अक्कानं सोडलं नाही.

भाचा बरा आहे. सहा महिन्यांनी एमआरआय परत झाला, सूज गेली होती, बारीकशी रेघ तेवढी राहिली. दिवसभराचे ठोके नोंदवणारं होल्टर मशीन लावलं, स्ट्रेस टेस्ट झाली, मग हळूहळू व्यायामाला परवानगी. एमआरएनए लस पुन्हा घ्यायची नाही असं त्याच्या फाइलवर लिहिलंय. फ्रान्समध्ये अशा रुग्णांना दीड वर्ष बघितलं, तेव्हा लसीनंतरच्या मायोकार्डायटिसवाल्यांची तब्येत इतर कारणांनी तो झालेल्यांपेक्षा बरी राहिली. ते वाचून मला पुष्कळ हलकं वाटलं, तरी वर्षातून एकदा तपासणी करायचीच.

2023 च्या संक्रांतीला तो सुट्टी काढून आला, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला. आमच्या घरातली माणसं नंदीध्वजाला खांदा देतात. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, आणि तो उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यात धरून तोल सांभाळत चालायचं. त्याचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो. भाच्यानं हे तिथल्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांना काही कळेना, तेव्हा यात्रेचा व्हिडिओच दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला म्हणे, आणि मग विचारलं, एका वेळी किती मिनिटं, दमल्यावर दुसरा घेतो का, ऊन असतं का. सगळं ऐकून म्हणाल्या, थोडा थोडा वेळ घे, धडधडलं की सोड. अक्काला ही बाई न बघताच आवडली.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. तरुण कुणी छातीत दुखतंय म्हणून आलं, की इलेक्ट्रोड लावता लावता विचारते, महिन्याभरात काही लस घेतली? ताप आलता? डेंग्यू, घशाचा आजार? कारण मायोकार्डायटिस आपल्याकडे जास्त होतो तो विषाणूंच्या तापानंतरच. उत्तर पट्टीच्या वर पेनानं लिहिते. मागच्या पावसाळ्यात बार्शीकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा आला होता, गावात त्याला गॅसची गोळी देऊन पाठवलेलं. डेंग्यू होऊन आठवडा झालेला. मी लिहिलं, 'डेंग्यू, 1 आठवडा, आडवं झाल्यावर दुखतं.' सरांनी पट्टी बघायच्या आधी ती ओळ वाचली आणि ट्रोपोनिन सांगितलं. पॉझिटिव्ह आलं, भरती करून घेतलं. पाच-सहा दिवसांनी तो चालत घरी गेला, आणि दिवाळीपर्यंत कबड्डी खेळायची नाही हे त्याच्या वडिलांना मी दोनदा सांगितलं.